जंताला कळते का?

गेल्या महिन्यातली गोष्ट. बाजाराचा दिवस होता, त्यामुळे दवाखान्यात गर्दी. जवळच्या वाडीवरून एक बाई आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. बसण्याआधीच त्यांनी पिशवीतून लोणच्याची रिकामी बाटली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. आत थोडे पाणी, आणि पाण्यात वीतभर लांबीचा, फिकट गुलाबी, दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला जंत.

"डॉक्टर, पहाटे ह्याच्या शौचातून पडला. म्हटलं तुम्हाला दाखवावा."

अशा बाटल्या मला नव्या नाहीत. तीस वर्षांत जॅमच्या, औषधाच्या, एकदा तर अत्तराच्या बाटलीतूनही जंत आलेले आहेत. पण हा अजून जिवंत होता. बाटली हलली की अंगाला सावकाश वेढे घालायचा. मुलगा त्याच्याकडे टक लावून पाहत होता. मी चिठ्ठी लिहायला घेतली तेवढ्यात त्याने विचारले, "डॉक्टरकाका, ह्याला कळतं का?"

"काय कळतं का?"

"की तो आता बाहेर आलाय ते."

आई म्हणाली, "गप रे, कायतरीच विचारतो." मीही हसलो आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. पण रात्री जेवताना तोच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. कारण प्रश्न मुळीच कायतरीच नव्हता. आपण जंतावर जी औषधे वापरतो, त्यातली निम्मी औषधे नेमकी ह्याच प्रश्नाच्या उत्तरावर चालतात. आणि ते उत्तर नीट लक्षात न घेतल्यामुळे, प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात, माझ्या हातून एक चूक झाली होती. तीही आज सांगणार आहे.

आधी जंताविषयी. आपण ज्याला नुसते 'जंत' म्हणतो तो गोल जंत, म्हणजे अॅस्कॅरिस. मादी वीस ते पस्तीस सेंटिमीटर लांब, नर थोडा लहान आणि शेपटीला आकड्यासारखा वळलेला. एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. ती शौचावाटे मातीत जातात, दोन-तीन आठवड्यांत तयार होतात आणि न धुतलेल्या हातांवरून, भाजीवरून पुन्हा पोटात येतात. (गोड खाल्ल्याने जंत होतात हे खरे नाही. झोपेत दात खाणारे प्रत्येक मूल जंताचे असते हेही खरे नाही. पण आजीबाईंपुढे हे बोलण्याची माझी अजून हिंमत होत नाही.)

वरून पाहिले तर ह्या प्राण्याला डोळे नाहीत, कान नाहीत, डोके म्हणावे असे काही नाही. एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या वर्षी आम्हाला त्याचे आडवे काप सूक्ष्मदर्शकाखाली दाखवीत. आम्ही वहीत एक वर्तुळ काढायचो, आत आतडे, आत अंडी, आणि खाली नावे लिहून मोकळे व्हायचो. ह्या वर्तुळात पाठीकडे आणि पोटाकडे एकेक बारीक ठिपका असे. ते मज्जातंतूंचे जुडगे. परीक्षेत त्याला अर्धा गुणही नसे, म्हणून कोणी लक्ष दिले नाही. मीही नाही.

खरा नकाशा असा आहे. तोंडाच्या थोडे मागे, अन्ननलिकेभोवती, मज्जातंतूंचे एक कडे असते. बोटात अंगठी असावी तसे. हाच त्याचा मेंदू म्हणायचा. त्या कड्यातून पाठीकडून एक आणि पोटाकडून एक असे दोन मुख्य दोर शेपटीपर्यंत जातात आणि मधूनमधून आडव्या धाग्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. तोंडाला तीन ओठ. त्या ओठांवर अगदी बारीक उंचवटे असतात, ते स्पर्श ओळखतात. शिवाय डोक्याच्या दोन बाजूंना एकेक सूक्ष्म खड्डा असतो. त्याच्या तोंडाशी मज्जापेशींची टोके येऊन थांबलेली असतात. आसपासच्या पाण्यात, रसात काय मिसळले आहे हे ती हुंगतात. हुंगणे हाच शब्द मला योग्य वाटतो. नाक आणि जीभ एकाच खड्ड्यात.

हे सगळे पहिल्यांदा नीट मोजले ते जर्मनीतल्या रिचर्ड गोल्डश्मिट यांनी. १९०८ च्या सुमारास, हातात फक्त साधा सूक्ष्मदर्शक असताना, त्यांनी जंताच्या डोक्याचे पातळ काप एकामागून एक तपासले आणि त्या भागात १६२ मज्जापेशी असल्याचे दाखवले. विशेष म्हणजे दुसरा जंत घेतला तरी त्याच १६२, त्याच जागी. पुढे हे गृहस्थ आनुवंशिकीचे मोठे शास्त्रज्ञ झाले आणि ज्यू असल्यामुळे हिटलरच्या राजवटीत त्यांना जर्मनी सोडून अमेरिकेत जावे लागले.

आज आपल्याला माहीत आहे की संपूर्ण जंतात मज्जापेशी सुमारे २९८. माणसाच्या मेंदूत त्या साधारण ८,६०० कोटी असतात. म्हणजे २९८ हा आकडा एखाद्या मध्यम शाळेच्या पटाएवढा. मातीत राहणारा सी. एलेगन्स नावाचा एक निरुपद्रवी कृमी आहे, जेमतेम एक मिलिमीटर लांब. इंग्लंडमध्ये केंब्रिजला सिडनी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे हजारो काप पाहून प्रत्येक मज्जापेशी आणि तिची प्रत्येक जोडणी कागदावर उतरवली. १९८६ साली तो नकाशा प्रसिद्ध झाला. त्या कृमीत ३०२ पेशी. आपला जंत त्याच्यापेक्षा तीनशे पट लांब, आणि पेशी मात्र जवळजवळ तेवढ्याच! घर मोठे झाले म्हणून वायरमन वाढले नाहीत, वायर तेवढी लांबवली.

वायरीवरून आणखी एक गंमत. आपल्या शरीरात मज्जातंतू स्नायूपर्यंत जातो, वीज मंडळाची तार खांबावरून घरापर्यंत यावी तसा. जंतात उलटे आहे. तिथे प्रत्येक स्नायुपेशी स्वतःच एक लांब हात काढते आणि मज्जातंतूच्या दोराला जाऊन चिकटते. जणू घरानेच खिडकीतून हात काढून तार धरावी. सूक्ष्मदर्शकाखाली हे हात स्पष्ट दिसतात. विद्यार्थी असताना मी ते पाहिले होते आणि आतडे फाटले असावे असे समजून सोडून दिले होते.

आता ह्या २९८ पेशींचे काम काय? मुख्य काम म्हणजे जागा न सोडणे. अंकुशकृमी आतड्याला तोंडाने धरून बसतो, पट्टकृमीला पकडीसाठी चूषके असतात. गोल जंताकडे असे काहीच नाही. आपले आतडे सतत वरून खाली अन्न ढकलत असते, आणि हा प्राणी त्या प्रवाहाविरुद्ध अंगाचे वेढे घालून, रेटा देऊन रात्रंदिवस टिकून राहतो. पाठीचा स्नायू आवळला की पोटाचा सैल, पोटाचा आवळला की पाठीचा सैल. आवळण्याचा निरोप एका रसायनाने जातो, अॅसिटिलकोलिन. सैल सोडण्याचा निरोप दुसऱ्या रसायनाने, गाबा. ही दोन्ही रसायने तुमच्या-माझ्या शरीरातही आहेत.

हे कळले की औषधे समजतात. जंताला मारण्याची गरजच नाही. त्याच्या मज्जातंतूंचा घोटाळा केला की त्याची पकड सुटते आणि आतड्याचा प्रवाह त्याला बाहेर घेऊन जातो. आमच्या लहानपणी पायपेराझिनचे गोड सिरप मिळायचे, वडीलधाऱ्यांना आठवत असेल. ते गाबाचे सोंग घेते, आणि जंत ओल्या सुतळीसारखा लुळा पडतो. (म्हणूनच ते देण्यापूर्वी 'मुलाला फिट्स येतात का' असे विचारण्याचा दंडक होता. फिट्स येणाऱ्याला ते द्यायचे नाही.) पायरँटेल ह्या औषधाचे काम नेमके उलटे. ते अॅसिटिलकोलिनसारखे वागते, आणि जंत आखडून काठीसारखा ताठ होतो. शेवट एकच, जंत बाहेर. पण ही दोन औषधे एकत्र दिली तर एक म्हणते सैल हो, दुसरे म्हणते ताठ हो, आणि जंत आपला मजेत जागच्या जागी. 'दोन औषधे दिली की दुप्पट गुण' हे गणित इथे चालत नाही.

आता ती चूक.

१९९८ चा पावसाळा. दवाखाना टाकून मला फार वर्षे झाली नव्हती. पाच वर्षांची एक मुलगी आजोबांच्या खांद्यावर बसून आली. हातपाय काटकुळे, पोट पुढे आलेले. दोन दिवसांपासून पोटात कळा, एक-दोन उलट्या. आदल्या दिवशी उलटीतून एक जंत पडला होता. मी पोटावर हात ठेवला. बेंबीच्या बाजूला कणकेच्या गोळ्यासारखे काहीतरी हाताला लागले. मी ते मल असावा असे मानले. निदान तर समोर होते, जंत! पायरँटेलचा डोस कंपाउंडरकडून तिथेच पाजला आणि 'उद्या सकाळी सगळे पडून जातील' असे छातीठोक सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा धावत आले. पोट ढोलासारखे फुगले होते, उलट्या हिरव्या होत होत्या, वायूसुद्धा सरत नव्हता. तेव्हा मला कळले की तो गोळा मलाचा नव्हता. एकमेकांत गुंतलेल्या जंतांचाच तो गठ्ठा होता, आणि आतड्याचा रस्ता आधीच अर्धा बंद होता. गुंतलेले असले तरी सैल जंत थोडेफार सरकत असतात. मी त्यांना सगळ्यांना एकदम ताठ केले. सुतळीच्या गुंत्याचे मी लाकडाचे बूच केले होते.

जीपने तिला जिल्ह्याच्या गावी नेले. मी बरोबर गेलो. नाकातून नळी, सलाइन, संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, पण पोट उतरेना. शेवटी ऑपरेशन झाले. सर्जननी आतडे न कापता बोटांनी तो गठ्ठा हळूहळू पुढे सरकवला, आणि जिथे सरकला नाही तिथे लहानसा छेद घेऊन जंत बाहेर काढले. ट्रे भरला. मोजायचे कोणाच्या मनात आले नाही. मुलगी वाचली. सर्जन मला रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "पोट फुगलेलं असेल, उलटी असेल, तर आधी रस्ता मोकळा आहे का बघावं. औषध कुठे पळून जातंय?" आजोबांनी माझे पाय धरले, तेव्हा मात्र मला तिथून निघून जावेसे वाटले. त्यांना मी खरे काय ते त्या दिवशी सांगितले नाही. वर्षभराने सांगितले. ते म्हणाले, "असू द्या डॉक्टर, पोरगी आहे ना."

म्हणून वाचकहो, एक गोष्ट लक्षात ठेवा. मुलाचे पोट फुगले आहे, उलट्या होत आहेत, शौचाला किंवा वायूला अडले आहे, अशा वेळी घरात असलेले किंवा दुकानातून आणलेले कोणतेही जंताचे औषध देऊ नका. आधी डॉक्टरांना दाखवा. जंत दिसला म्हणून घाई करू नका. तो दोन दिवसांनी पडला तरी चालतो.

जंताला आणखी एक खोड आहे. भोके शोधण्याची. ओठांवरच्या त्या उंचवट्यांनी चाचपडत तो कुठल्याही अरुंद वाटेत शिरतो. ताप आला, भूल दिली, काही औषधे दिली की तो अस्वस्थ होऊन भटकू लागतो. मग नाकातोंडातून येतो, किंवा पित्तनलिकेत घुसतो. श्रीनगरचे डॉ. खुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय साप्ताहिकात अशा ५०० रुग्णांची हकिकत दिली होती. यकृताचा, पित्ताचा, स्वादुपिंडाचा त्रास, आणि कारण एक जंत!

पण हुंगण्याच्या बाबतीत खरा उस्ताद अंकुशकृमी. त्याची अळी अर्धा-पाऊण मिलिमीटरची, ओल्या मातीत पडून असते. काही खात नाही, नुसती वाट पाहते. माणूस जवळ आला की ऊब, श्वासातला वायू, त्वचेवरचा स्निग्धांश ह्यांची तिला जाणीव होते आणि ती वळवळत त्या दिशेने निघते. अनवाणी पायाच्या बोटांच्या बेचक्यातून आत शिरते. हे कळले तेही अपघाताने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कैरोमध्ये आर्थर लूस नावाचे जर्मन प्राणिशास्त्रज्ञ ह्या अळ्यांवर प्रयोग करीत होते. अळ्यांचे पाणी त्यांच्या हातावर सांडले. त्या जागी खाज सुटली, लाली आली, आणि पुढे त्यांच्याच शौचात अंकुशकृमीची अंडी सापडली.

ऊब नेमकी कोणत्या पेशीला कळते? ह्याच्याच एका भाऊबंदावर, स्ट्राँगिलॉइडिस नावाच्या कृमीवर, अमेरिकेत गेरहार्ड शाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केले. डोक्याजवळच्या खड्ड्यांतल्या पेशींपैकी एक विशिष्ट जोडी त्यांनी लेझरच्या किरणाने जाळली. अळी जिवंत राहिली, हिंडत राहिली, पण उबेकडे जाण्याचे तिचे भान गेले. २००० साली हे प्रसिद्ध झाले. दोन पेशी, आणि माणूस सापडणे न सापडणे त्यांच्यावर!

ह्याच शाड यांनी त्याआधी बंगालमध्ये काम केले होते. १९७३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की पावसाळ्याच्या शेवटी शरीरात शिरलेला अंकुशकृमी लगेच वाढत नाही. कोरड्या महिन्यांत बाहेर अंडी टाकून उपयोग नसतो, ती उन्हात करपतात. म्हणून तो शरीरात निपचित पडून राहतो आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की वाढून अंडी घालू लागतो. आपण मृग नक्षत्राची वाट पाहतो, तसा तोही.

भातलावणी करणाऱ्या, परसाकडे उघड्यावर जाव्या लागणाऱ्या बायाबापड्या किती वर्षे ह्याचे ओझे वाहत आल्या आहेत! एकेक अंकुशकृमी, जातीप्रमाणे, दिवसाला अर्ध्या थेंबापासून चार-पाच थेंबांपर्यंत रक्त घालवतो. असे शे-दोनशे असले की काय होते ते हिशेब करून पाहा. चालताना धाप लागते, नखे पांढरी पडतात, माती खाविशी वाटते. नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन हिमोग्लोबिन वाढत नसेल तर मी आता शौचाची तपासणी सांगतोच. आणि पायात चप्पल. संडास घरात आला तरी परड्यात, शेतात अनवाणी फिरणे थांबलेले नाही.

हत्तीरोगाच्या कृमीविषयी थोडे सांगतो. विदर्भातल्या आणि कोकणातल्या वाचकांना रात्री रक्त घ्यायला येणारे आरोग्य कर्मचारी माहीत असतील. लोक वैतागतात, 'दिवसा नाही का येता येत?' नाही येत, कारण ह्या कृमीची पिल्ले दिवसा फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री, डास चावण्याच्या वेळेला, बाहेरच्या रक्तात उतरतात. हे पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमध्ये असताना एकोणिसाव्या शतकात दाखवले. ह्या पिल्लांना घड्याळ कसे कळते ह्यावर पुढे बरीच वर्षे काम केले ते फ्रँक हॉकिंग यांनी. रक्तातला प्राणवायू दिवसा-रात्री बदलतो आणि ती पिल्ले त्याचा माग घेतात असे त्यांच्या प्रयोगांतून पुढे आले. हे फ्रँक हॉकिंग म्हणजे खुर्चीतले सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचे वडील. काचपट्टीवर रंगवलेले हे पिल्लू पाव मिलिमीटरचे असते. अंगभर जांभळ्या ठिपक्यांची रांग, आणि डोक्याच्या थोडे मागे त्या रांगेत एक मोकळी फट. ती फट म्हणजे मज्जातंतूंचे कडे. तंत्रज्ञ त्या फटीवरून आणि रिकाम्या शेपटीवरून कृमी ओळखतात.

ह्या रोगावर आता इतर गोळ्यांबरोबर आयव्हरमेक्टिनही देतात. तेही मज्जातंतूंवरचेच औषध. कृमीच्या पेशीत एक अशी झडप असते जी माणसात नाही. हे औषध ती उघडी ठेवते आणि कृमी लुळा पडतो. जपानच्या मातीतल्या एका जंतूपासून ते निघाले, आणि त्यासाठी कँपबेल आणि ओमुरा यांना २०१५ चे नोबेल मिळाले.

शाळेत, अंगणवाडीत मिळणारी गोळी मात्र वेगळी. ती अल्बेंडाझोल. ती मज्जातंतूंना हात लावत नाही. ती जंताच्या पेशींचा सांगाडा मोडते, त्याला साखर शोषता येत नाही, आणि तो काही दिवसांत उपासमारीने मरतो. म्हणून गोळी घेतल्यावर दुसऱ्या दिवशी काही पडले नाही तर 'गोळी बोगस' असे म्हणू नका. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. वर्षातून दोनदा, साधारण फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना ही गोळी देतात. दोन वर्षांखालच्यांना अर्धी, कुस्करून. मोठ्यांनी चावून खायची, गिळायची नाही. त्या दिवशी मूल आजारी असेल तर देऊ नये, बरे झाल्यावर द्यावी. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी घ्यायची नाही. दर सहा महिन्यांनी का? कारण गोळी आतड्यातले जंत काढते, अंगणातली अंडी नाही.

तो मुलगा आठवड्याने पुन्हा आला. मी आता तयार होतो. म्हटले, "कळतं. बाहेर थंड आहे, दाबलं की लागतं, चटका बसला की दूर व्हायचं, एवढं कळतं. पण 'मी बाहेर आलोय, आता माझं काय होणार' हे कळायला त्याच्याकडे माणसं कमी आहेत. तीनशेसुद्धा नाहीत."

"आमच्या शाळेत साडेतीनशे आहेत," तो म्हणाला.

बाटली मात्र त्याने परत मागितली. गुरुजींना दाखवायची होती. जंत केव्हाच मेला होता. त्यात फॉर्मॅलिन घातले, झाकण मेणाने पक्के केले आणि बाटली आईच्या हातात दिली.